टिकून राहिलेलं पाणी

सकाळच्या फेरीत वळणावरच्या बाकापाशी आले आणि सर थबकले. तळ्याच्या काठाला लागून ओल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडला होता. काल तिथे पाणी होतं. पट्टा फार रुंद नव्हता, दुसऱ्या कुणाच्या नजरेतून सहज सुटला असता. पण ज्या माणसाचा जन्म पाण्याच्या काठावर उभं राहण्यात गेला, त्याला पाणी बोटभर उतरलं तरी आधी पोटात कळतं, मग डोळ्यांना. सरांच्या पोटात कळलं. चिखलात कुणाची तरी चप्पल रुतली होती, एक प्लास्टिकची बाटली आडवी पडली होती आणि त्या सगळ्यातून एक उग्र, कुजकट वास वर येत होता. इतके दिवस हे सगळं पाण्याखाली होतं आणि आपण रोज वरून आकाश बघत होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि ते उगाचच वरमले.

"बघितलंत ना, सर?" मागून मॅनेजर आले. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते मॅनेजरच राहिले होते, आणि सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचा कारभारही कुणी न देताच त्यांनी हातात घेतला होता. "काल संध्याकाळी पंप लावलेत. बांधापलीकडच्या तळ्यात ओढतायत सगळं पाणी. हे पार कोरडं करणार म्हणे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या सूनबाईंचा हुकूम आहे."

सरांनी चपलेच्या टोकाने काठावरचा एक खडा चिखलात ढकलला.

"आम्ही त्यांना नावं ठेवत नाही हं. शिकलेल्या आहेत, जमिनीखालच्या पाण्याचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण भर उन्हाळ्यात तुडुंब भरलेलं तळं कुणी शहाणा माणूस रिकामं करील का? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की."

खरी पंचाईत अशी होती की पाणी कुठेच मुरत नव्हतं. पाणीखात्यात काम करणारी सून हे वर्षभर जेवताना सांगत होती आणि सर वर्षभर मान डोलावून ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. हे तळं काही फिरायला बांधलेलं नव्हतं. नदीचं जादा पाणी कालव्याने आणायचं, आधी हौदात त्याचा गाळ बसू द्यायचा, मग इथे सोडायचं आणि तळाच्या वाळूतून हळूहळू जमिनीत उतरू द्यायचं. शहराने वर्षानुवर्षं उपसून खाली नेलेलं जमिनीतलं पाणी परत वर यावं, म्हणून ते होतं. बाक नंतर आले, झाडं नंतर आली, बदकं तर आपली आपणच आली. सुरुवातीला पाणी सोडलं की काही दिवसांत उतरून जाई आणि लोक नाकं मुरडत. पुढे ते टिकायला लागलं. गेल्या दोन उन्हाळ्यांत तर जागचं हललं नाही. लोक एकमेकांना सांगायला लागले की तळं आता छान झालंय. सरांनीही एकदा जेवताना तेच सांगितलं, तेव्हा सून पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाली होती, "छान दिसतंय, बाबा, कारण ते बंद पडलंय." त्या दिवशी वाटीतलं तसंच टाकून ती उठली होती, आणि सरांना वाटलं होतं की कामाचा ताण असेल.

"संध्याकाळी मोठे साहेब येतायत, इथेच, काठावर," मॅनेजर म्हणाले. "त्यांनी निरोप पाठवलाय, फिरायला येणाऱ्यांचं म्हणणं ऐकतो म्हणून. आमचं ऐकतील, न ऐकतील. पण तुम्ही नुसतं म्हणा, तळं भरा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत." हे खरं होतं. पाणीखात्याचे मोठे साहेब लहानपणी सरांकडे पोहायला शिकले होते. पाय इतके वेडेवाकडे मारायचे की सरांनी त्यांना बेडूक हे नाव ठेवलं होतं, आणि एवढ्या मोठ्या खुर्चीत बसूनही ते सर भेटले की आपणहून म्हणत, "सर, मी बेडूक." मॅनेजरांनी बरोबर नस पकडली होती. जाताना ते सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरचा मामला आहे, कळतं मला. इकडे आड, तिकडे विहीर. पण तळं सगळ्यांचं आहे."

घरी येताना सरांनी नेहमीचा रस्ता सोडला आणि लांबचा घेतला. त्या रस्त्यावर त्यांचा तरणतलाव होता. म्हणजे जागा होती, आता तिथे मोटारी उभ्या करायची सहा मजली इमारत होती. आत शिरलं की अजूनही औषध टाकलेल्या पाण्याचा वास येतो असं त्यांना वाटे, आणि तो येत नाही हेही त्यांना माहीत होतं. त्या तलावात त्यांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. काठावरच्या निळ्या फरशीची शेवटची रांग अर्धी ओली, अर्धी कोरडी दिसली की पाणी बरोबर. पूर्ण कोरडी दिसली की कुठेतरी गळतंय. मग सर बाकीच्यांना बाहेर काढून, बाटलीभर लाल शाई घेऊन एकटे आत उतरायचे. भिंतीजवळ श्वास रोखून, पाणी अजिबात न ढवळता, शाईचा एक थेंब सोडायचा आणि बघत राहायचं. भेग नसेल तिथे थेंब आळसावल्यासारखा पसरतो. भेग असेल तिथे तो एकदम बारीक धागा होऊन भिंतीत ओढला जातो. त्या धाग्याच्या मागे मागे त्यांनी किती भेगा पकडल्या आणि बुजवल्या. गळती म्हणजे शत्रू, हे त्यांच्या हाडात बसलं होतं. वर्षातून एकदा तलाव धुवायला रिकामा करावा लागे, तेव्हा ते रजा घेत.

लग्न होऊन घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच सुनेने ही शाईची गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतली होती. नव्या सुना सासऱ्यांशी काय बोलतात? तब्येत, चहा, हवा. हिने विचारलं, "बाबा, थेंब किती उंचीवरून सोडायचा? आणि पाणी किती वेळ शांत ठेवायचं?" इतक्या वर्षांत घरातल्या कुणी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता. मुलाला पाण्याचं वेड नव्हतं. तो कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असे आणि आला की झोपे. सरांनी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात पाणी घेऊन तिला करून दाखवलं. ती ओट्यावर हनुवटी टेकून बघत राहिली. मग हसून म्हणाली, "तुम्ही जन्मभर बुजवलंत तेच मला उघडं ठेवायचंय." सरांना तेव्हा ती थट्टा वाटली. आज चालता चालता त्यांना वाटलं, ती थट्टा नव्हती, ओळख करून देणं होतं, आणि आपण हसण्यावारी नेलं.

तिचं काम त्यांनी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं होतं आणि त्यातला प्रत्येक तुकडा त्यांना, कबूल न करता, आवडला होता. आधी तिने खोल विंधन विहिरींतून पाणी सरळ खाली सोडून पाहिलं. पाण्याबरोबर हवेचे बारीक बुडबुडे आणि डोळ्याला न दिसणारा गाळ गेला आणि विहिरी आतून तुंबल्या. वरिष्ठ म्हणाले, जरा जोर लावून सोडा. तिने उलट उपसा लावून त्या धुऊन काढल्या, आणि नाहीच जमलं तेव्हा सरळ लिहून दिलं की माझा अंदाज चुकला. मग एका कारखान्याने त्यांचं वापरलेलं पाणी फुकट देऊ केलं, सगळे खूष झाले, तर ही नाही म्हणाली. "वरचं पाणी बिघडलं तर ओतून देता येतं, बाबा. जमिनीत घातलेलं परत काढून धुता येत नाही." त्या नकारापायी तिची बढती गेली असं मुलगा म्हणाला होता, ती स्वतः त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. एकदा ती सरांना खालच्या वस्तीत घेऊन गेली. समुद्राच्या बाजूच्या त्या विहिरींतून गोडं पाणी उपसून संपलं तशी खाली खारं पाणी सरकत सरकत शहराकडे यायला लागलं होतं. तिने लांब फीत विहिरीत सोडली, पाण्याला टेकताच फितीच्या चाकातून बारीक शिट्टी वाजली आणि तिने मान तिरकी करून ती ऐकली. शिट्टी ऐकून सरांना बरं वाटलं, त्यांच्याच धंद्यातली वस्तू. विहिरीच्या मालकिणीने बादली काढली, स्वतः घोट घेतला आणि म्हणाली, "मागच्या वेळेपेक्षा जास्त खारं लागतंय, ताई." सुनेला ते यंत्रावर कळलंच असतं. तरी तिने त्याच बादलीतून ओंजळभर पाणी घेतलं, प्यायली, तोंड वाकडं न करता गिळलं आणि म्हणाली, "हो. जास्त लागतंय." परतीच्या रस्त्यात ती म्हणाली, खारं पाणी एकदा आत बसलं की त्याला मागे रेटायला एक पिढी जाते.

घरी बायको भाजी निवडत होती. सून सकाळीच निघून गेली होती, दाराशी तिचे चिखलाचे बूट नव्हते. सरांनी मॅनेजरांचं बोलणं सांगितलं. बायकोने देठ मोडता मोडता ऐकून घेतलं. "मग तिलाच विचारा की सरळ. एका घरात राहून चोरी कसली?" सर म्हणाले, तिने आपणहून का सांगितलं नाही? बायको म्हणाली, "ती वर्षभर सांगतेय. मलासुद्धा पाठ झालंय आता. तुम्हीच एक पालथा घडा." आणि हसली. सरांना राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. अंगातला जोर कुठे गेला, असं वाटून ते खुर्चीत बसले. डोळ्यांसमोर ते भरलेलं तळं येत राहिलं. तरणतलाव पाडला त्या वर्षी ते घराबाहेर पडेनासे झाले होते. मग हे तळं टिकायला लागलं, आणि रोज सकाळी कुठेतरी जायला झालं. तळ्याने आपल्याला उभं केलं, हे खरंच होतं. ते बंद पडलं म्हणून आपण उभे राहिलो, हे मात्र आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, आणि मग चहासुद्धा गोड लागेना.

दुपारी ऊन असतानाच ते निघाले. तळं उथळ आणि सपाट, त्यामुळे एव्हाना अर्ध्याहून जास्त तळ उघडा पडला होता. सून त्या उघड्या भागाच्या मधोमध, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखून, फावडं घेऊन उभी होती. ती इतकी लहान दिसत होती की सरांना हाक मारावीशी वाटली, पण त्यांनी मारली नाही. तिने फावड्याची धार उभी घातली, एक चौकोन कापला, तो हलक्या हाताने उचलला आणि खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. दुसरं कुणी बघत नव्हतं. मजूर पंपांपाशी सावलीत बसले होते. त्या एकटीने वाकून बघण्यात अशी एक तल्लीनता होती की सरांना आपला शाईचा थेंब आठवला, श्वास रोखून धरलेला आठवला. आणि आपण तेव्हा कसे दिसत असू ते आज, दुसऱ्या कुणात, पहिल्यांदा दिसलं. त्यांना तिचा फार अभिमान वाटला. तो छातीत मावेना, म्हणून ते खाकरले.

"बाबा, तुम्ही? या उन्हात?" ती काठापर्यंत आली. हातात तो चौकोन होता. वर बोटाच्या पेराएवढा काळा, गुळगुळीत थर, साबणाच्या वडीसारखा. खाली वाळू. "दाबून बघा," ती म्हणाली. सरांनी वाळू मुठीत घेऊन दाबली. हाताला पाणी लागलं नाही. दोन वर्षं तुडुंब पाण्याखाली असलेली वाळू नुसती दमट होती, बोटांतून सुटून पडली. "एवढाच थर," ती म्हणाली. "गाळ आणि शेवाळ. एवढ्याने सगळं अडवून धरलंय. हा उन्हात वाळला, त्याला भेगा पडल्या, की खरवडून काढता येतो. ओला असताना हात लावला तर आणखी खाली दाबला जातो. वाळूच द्यावा लागतो, आणि तेवढाच वेळ मला कुणी देत नाही."

"संध्याकाळी बेडूक येतोय," सर म्हणाले.

"माहितेय."

"मी बोलावं म्हणतायत सगळे. तळं भरा म्हणून."

"तेही माहितेय."

"मग तू मला काही सांगितलं नाहीस."

तिने फावड्याचा चिखल काठावर पुसला. "तुम्ही रोज इथे येता, बाबा. आई म्हणाल्या होत्या मला, तलाव गेला तेव्हा तुमचं काय झालं होतं ते. मग मी कोणत्या तोंडाने सांगू? तुम्हाला वाटेल ते तुम्ही बोला. माझं मी बोलेन." आणि खोटं आश्वासन देणं अंगातच नसल्यासारखी म्हणाली, "आणि एक सांगते. हे सगळं झालं ना, तरी तळं पूर्वीसारखं दिसणार नाही. भरायचं, मुरू द्यायचं, वाळवायचं, खरवडायचं, परत भरायचं. वर्षातले निम्मे दिवस चिखलच दिसेल." सरांनी विचारलं, आणि आज भरलं तर? ती म्हणाली, "तर हे लोक पुन्हा कित्येक वर्षं मला झडपेला हात लावू देणार नाहीत. तोवर खालच्या विहिरी गेलेल्या असतील." असं म्हणून ती परत आत गेली. ऊन उतरेपर्यंत सर बाकावर बसून राहिले. त्यांना तळं हवं होतं. म्हातारपणी माणसाला एखादी गोष्ट इतकी हवी असते याची त्यांना लाज वाटली, तरी ती हवीच होती.

संध्याकाळी बाकापाशी बरीच माणसं जमली. साहेब आले, सर दिसताच पुढे होऊन म्हणाले, "सर, मी बेडूक," आणि लोक हसले. मॅनेजर छान बोलले. आरोग्य, म्हातारी माणसं, मुलं, बदकं, काही म्हणून सोडलं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेकडे वळले. ती तशीच आली होती, चिखलाच्या बुटांनी. "मॅडम, एकच सांगा. थर काढलात, पुन्हा पाणी सोडलंत, तर ते खालच्या विहिरींपर्यंत पोचेल याची खात्री देता?"

सरांना वाटलं, आता ती हो म्हणणार. एक हो म्हटलं की झालं. साहेबांचा चेहरा सांगत होता की त्यांनाही तेच हवंय, वर दाखवायला काहीतरी.

"नाही," ती म्हणाली. "पाणी वाळूत उतरेल, हे नक्की. पुढे मध्ये मातीचा एक थर आहे. तो सलग आहे की मध्ये तुटलाय ते मला पूर्ण माहीत नाही. जमिनीत मी हाताएवढ्या भोकांतून बघितलंय, तेवढंच. मला वाटतं पोचेल. खात्री नाही. आज तळं भरलंत तर मात्र थेंबही पोचणार नाही, याची खात्री देते."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, हात दाखवून अवलक्षण. मॅनेजर दोन्ही हात पसरून म्हणाले, "घ्या. त्यांचीच खात्री नाही." साहेबांनी कपाळ चोळलं आणि सरांकडे बघितलं. "सर, तुम्ही बोला. पाण्यातलं तुम्हाला कळतं."

सर उठले. काय बोलायचं ते उठेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. "मला टाकीतलं पाणी कळतं," ते म्हणाले. "जमिनीतलं कळत नाही. आणि मला हे तळं भरलेलंच आवडतं, हे मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. हिने आत्ता खात्री आहे म्हटलं असतं ना, तर मी म्हणालो असतो, भरा तळं. कारण मग मला वाटलं असतं, हीसुद्धा आपलं घोडं दामटतेय. पण खोटं बोलायची एवढी सोय असताना ती बोलली नाही. तुम्हीच तिला वाट करून दिली होती, साहेब." मग ते त्या लहानपणच्या बेडकाकडे वळले. "तुझी आई मला विचारायची, सर, माझा मुलगा बुडणार नाही ना? मी तिला कधी खात्री दिली का? मी म्हणायचो, मी काठावर आहे, मला दिसतोय तो. तेवढ्यावर ती तुला सोडून घरी जायची. आज आपण सगळे काठावर आहोत, आणि आत फक्त ही बघतेय. राहू दे कोरडं. तिचं काम होईपर्यंत राहू दे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅनेजरांनी सरांकडे बघितलं नाही आणि बाकीचेही पांगायला लागले. उद्यापासून सकाळी यातले किती जण थांबून बोलतील हे सरांना दिसत होतं. साहेब चिखलाच्या कडेपर्यंत उतरले. मग सुनेला म्हणाले, "थर निघेपर्यंत पाणी सोडत नाही. पण खालच्या विहिरीत काही दिसलं नाही, तर मला तोंड दाखवायला जागा नाही, मॅडम."

"मलाही," ती म्हणाली.

घरी जाताना दोघं शेजारी शेजारी चालत होते. तिच्या बुटांचा चपचप आवाज येत होता. सरांना वाटलं ती काहीतरी गोड बोलेल, आभार वगैरे, आणि त्याला काय उत्तर द्यायचं याची ते जुळवाजुळव करत होते. ती रागावल्यासारखी म्हणाली, "मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं, बाबा."

"नव्हतंस."

"उद्या नाही मुरलं खालपर्यंत, तर लोक तुम्हालाही बोलतील. इतकी वर्षं या गावात कुणी तुम्हाला वाकडा शब्द बोललं नाही."

"बोलू देत. चुकलं तर दोघांचं चुकेल."

ती थांबली. दिव्याच्या उजेडात तिने तोंड दुसरीकडे वळवलं, आणि चिखलाचा हात असल्यामुळे तिला डोळे पुसता येईनात. सरांनी खिशातला रुमाल काढून दिला. तिने तो घेतला, चेहऱ्यावर फिरवला, तो काळा झाला तसा घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. "सकाळी मग फिरायला कुठे जाणार?" तिने विचारलं.

"तळ्यात," सर म्हणाले. "खरवडायला माणसं कमी आहेत तुझ्याकडे. मी बघितलं दुपारी."

ती चालायला लागली. बरीच पुढे गेल्यावर, मागे न बघता, तिने कामावर कुणालाही विचारावं तसं विचारलं, "बूट लागतील. नंबर काय तुमचा?"

सरांनी नंबर सांगितला. आणि तिला गाठायला ते भराभर पावलं टाकू लागले.